तिकडच्या चिमण्या

शेजारच्या कडा गावात एसटी स्टँडसमोर रूपालीचा फ्लेक्स लागला, त्या दिवशी भामाबाई भाजीचं निमित्त काढून कड्याला गेली. घरात भाजी होती. पण नुसता लेकीचा फोटो बघायला गेली असं कुणी म्हणू नये, म्हणून तिनं पिशवी घेतली आणि रिक्षात बसली.

फ्लेक्सवर रूपाली निळा कोट घालून उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंना दोन चिमण्या होत्या आणि त्या रूपालीच्या डोक्यापेक्षा मोठ्या होत्या. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'गावची सुकन्या, अमेरिकेतील पक्षी संशोधक, हिचा जागतिक चिमणी दिनानिमित्त भव्य सत्कार.' त्याखाली सरपंच धर्मराज आणि मुख्याध्यापक रामप्रसाद सर यांची नावं. भामाबाईनं एकेक अक्षर लावत सगळं वाचलं. मग रस्ता ओलांडून पलीकडच्या रसवंतीपाशी जाऊन लांबून पुन्हा एकदा बघितलं. रसवंतीवाल्यानं विचारलं, "काकू, रस देऊ का?" ती म्हणाली, "न्हाई, माझी लेक हाय ती." त्यानं फ्लेक्सकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि तिला अर्धा ग्लास रस तसाच दिला.

भामाबाईचं घर गावाच्या उगवतीला, बुद्धविहाराला लागून. लेकरं लहान होती तेव्हा नवरा कारभारी दर दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊस तोडायला जायचा. बाकीची माणसं बायकोला घेऊन जोडीनं जात, त्याला कोयता म्हणत. कारभारी एकटाच जायचा, म्हणजे अर्धा कोयता. मुकादम त्याला दरवर्षी बोलून दाखवायचा. पण भामाबाईनं ठरवलं होतं, पोरांची शाळा मोडायची न्हाई. ती रूपालीला आणि धाकट्या सौरभला घेऊन गावातच राहिली आणि मिळेल तिथं खुरपायला गेली. पुढं रूपाली वसतिगृहात राहून शिकली, पुण्याला गेली, आणि सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या ओहायो नावाच्या राज्यात पोचली. तिला तिथं तीन वर्षं झाली होती. आता पहिल्यांदाच ती सुट्टीला आली होती.

रूपाली पाखरांच्या नादाला लागली ती याच घरात. जुनं घर मातीचं आणि पत्र्याचं होतं. भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो थोडा पुढं झुकवून टांगलेला असायचा, आणि त्याच्या मागच्या जागेत चिमण्या दरसाल घरटं करायच्या. काड्या, सुतळ्या, पिसं खाली पडायची. भामाबाई रोज झाडायची, पण फोटो कधी हलवला नाही. शाळेतून आली की रूपाली पाटावर चढून मागं डोकवायची आणि अंडी किती, पिल्लं किती ते सांगायची. घरकुल मंजूर होऊन जुनं घर पाडलं, तेव्हा भामाबाईनं गवंड्याला स्लॅबच्या खाली भिंतीत मातीचे चार पाइप घालायला लावले. गवंडी म्हणाला, "काकू, हे कशाला?" ती म्हणाली, "त्यांचंबी घर पाडलंय आपण." तेव्हापासून गावात चिमण्यांचा विषय निघाला की भामाबाईचं नाव निघायचं. चिमणी दिन साजरा करायची कल्पना रामप्रसाद सरांना सुचली ती त्या भिंतीकडं बघूनच.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी भामाबाई ओट्यावर बसून ज्वारी पाखडत होती. रूपाली शेजारी भिंतीला टेकून बसली होती. वरच्या पाइपात एक चिमणी काडी घेऊन सारखी आत-बाहेर करत होती.

"आई, उद्या मी काय बोलू?" रूपालीनं विचारलं.

"मला कावून विचारतीस? तू तर साहेबलोकांम्होरं इंग्रजीत बोलतीस."

"तसं न्हाई. मी तिकडं नेमकं काय करते ते तुला नीट म्हाईत न्हाई."

"पाखरं सांभाळतीस."

"निळी पाखरं सांभाळते. चिमण्या न्हाई."

भामाबाईचं सूप चालूच होतं. रूपालीनं मोबाइलवर एक फोटो उघडून तिच्यासमोर धरला. चिमणीपेक्षा थोडं मोठं पाखरू होतं. पाठ गडद निळी, छाती विटकरी.

"लई देखणं हाय की गं," भामाबाई म्हणाली.

"हे तिकडचं. झाडाच्या ढोलीत राहतं. पण जुनी झाडं तुटली, ढोल्या कमी झाल्या. म्हणून आम्ही माळावर, शेताच्या कडंला लाकडी पेट्या लावतो. त्यात ही येतात. आणि त्याच पेट्यांत चिमण्या शिरतात."

"तिथंबी चिमण्या हायत?"

"आपल्यापेक्षा जास्त. पण त्या तिकडच्या न्हाईत. दीडशेच्या वर वर्षं झाली, माणसांनी युरोपातून जहाजात, पिंजऱ्यात घालून नेल्या. कुणी म्हणालं झाडावरच्या अळ्या खातील. कुणाला आपल्या गावची आठवण यायची, म्हणून न्यायच्या. नेल्या आणि सोडल्या. त्या इतक्या वाढल्या की सगळीकडं पसरल्या."

"मग वाढू दे की. खाती किती एवढीशी."

रूपालीनं दुसरा फोटो दाखवायच्या आधी थोडा विचार केला. मग दाखवला. पेटीचं झाकण उघडलेलं होतं. आत वाळलेल्या गवताचं चिमणीचं घरटं होतं, आणि रूपालीच्या हातमोज्यातल्या बोटांनी ते बाजूला सारलं होतं. खाली ती निळी मादी मरून पडली होती. तिच्या डोक्याची पिसं गेलेली होती आणि हाड दिसत होतं.

"हे कुणी केलं?"

"चिमणीच्या नरानं. आत कोंडून चोचीनं मारतो. मग तिच्याच अंगावर घरटं बांधतात."

भामाबाईनं सूप खाली ठेवलं. भिंतीवरच्या पाइपाकडं तिची नजर गेली आणि लगेच परत आली.

"मग तू काय करतीस?"

"दर आठवड्याला पेट्या उघडून बघते. चिमणीची अंडी सापडली तर सुईनं बारीक भोक पाडते आणि होती तशी परत ठेवते."

"परत कावून ठेवतीस?"

"घरटं काढून टाकलं तर ती दुसऱ्या दिवशी नवं बांधती. अंडी जागेवर असली की ती बसून राहती. तोवर निळ्या पाखरांची पिल्लं मोठी होऊन उडतात."

"आन् तिला कळत न्हाई?"

"न्हाई."

"किती दिवस बसती?"

"दोन-तीन आठवडे. कधी जास्त."

भामाबाई उठली. घरात गेली, माठातून पाणी घेतलं, प्यायली, आणि दारात येऊन उभी राहिली. "मेलेल्या अंड्यांवर बसवून ठेवतीस तिला," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता. रूपालीनं मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला.

"तुझ्या हातानं?"

"माझ्या हातानं. त्यासाठीच मला तिथं घेतलंय आई. पेट्या लावणं, निळी पाखरं मोजणं आणि हेसुद्धा. सगळं एकच काम आहे."

मग भामाबाई म्हणाली, "हे उद्या सांगू नकोस. चिमण्या कमी झाल्यात, पाणी ठेवा, दाणे ठेवा, एवढं बोल आन् खाली बस. आपल्या घरातलं माणूस शाळेच्या स्टेजवर पहिल्यांदा बसतंय."

"कुणी विचारलं तर?"

"कोण विचारतंय."

संध्याकाळी विहारात वंदनेला बायका जमल्या. पंचशील म्हणायला पुढं भामाबाई असायची. तिचा आवाज खणखणीत, आणि तिच्यामागून बाकीच्या म्हणायच्या. त्या दिवशी पहिलं शील आलं, जीव न घेण्याचं, आणि ती तिथंच अडखळली. मागून छबुबाईनं ते उचललं आणि वंदना पुढं गेली. बाहेर आल्यावर छबुबाईनं विचारलं, "भामाबाई, बरं न्हाई का?" भामाबाई म्हणाली, "उन्हाचं झालं असंल."

घरी आली तर कारभारी अंगणात शेळी पिळत होता आणि रूपाली त्याच्यासमोर उकिडवी बसली होती. तिनं बापाला सगळं सांगून टाकलं होतं.

"ऐकलं का तुमी?" भामाबाईनं विचारलं.

"ऐकलं."

"मग?"

कारभारीनं भांडं बाजूला ठेवलं. "आपल्या माळावर ती वेडी बाभळ हाय ना, तीबी बाहेरचीच. कुणी आणली, कवा आणली, मला न्हाई म्हाईत. आमचा बाप सांगायचा, त्याच्या ल्हानपणी असलं झाड न्हवतं. आता बघ, गवताची काडी उगवू देत न्हाई खाली. मी आपला तुकडा साफ करताना किती काटे मोडून घेतले पायात."

"म्हणजे पोरीचं बरोबर हाय म्हणता."

"मी कुठं असं म्हणलो? ऊसतोडीवरून आलो की उन्हाळ्यात मी त्याच बाभळीचा कोळसा पाडायचो. हिची पुस्तकं त्यातूनच आलीत. मी त्या झाडाला शिव्याबी देतो आन् त्याचं खाल्लंबी हाय. मला ते नीट सांगता येत न्हाई." तो शेळीची दोरी सोडत रूपालीला म्हणाला, "तुला चिमणीचं वाईट वाटतंय का?"

"वाटतं."

"मग झालं," कारभारी म्हणाला आणि शेळीला घेऊन गोठ्याकडं गेला.

भामाबाईचं तेवढ्यानं झालं नाही. जेवताना ती रूपालीशी बोलली नाही, पण ताटात भाकरी संपायच्या आत दुसरी वाढत राहिली.

सकाळी शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. पोरं ओळीनं बसली होती, मागं खुर्च्यांवर गावातली माणसं, एका बाजूला बायका. स्टेजवर धर्मराज, रामप्रसाद सर, रूपाली, आणि आईवडील म्हणून कारभारी आणि भामाबाई. भामाबाईनं ठेवणीतली पांढरी साडी नेसली होती. स्टेजवर खुर्चीत बसल्यावर पाय कुठं ठेवायचे ते तिला कळेना. समोरून सौरभ मोबाइलवर सगळं टिपत होता. तो कड्याला मोबाइलच्या दुकानात कामाला होता आणि फ्लेक्स त्यानंच मागं लागून छापून घेतला होता.

रामप्रसाद सरांनी ओळख करून दिली. ते बीडकडचे, या शाळेवर नव्यानं आलेले. ते म्हणाले, "मी इथं आलो तेव्हा पहिल्यांदा एका घराच्या भिंतीत चिमण्यांसाठी ठेवलेली जागा पाहिली. आज त्या घरातली मुलगी पाखरांचा अभ्यास करायला जगाच्या दुसऱ्या टोकाला पोचली आहे." टाळ्या वाजल्या. कारभारीनं खिशातून रुमाल काढला आणि नुसताच हातात धरला.

रूपालीचं भाषण साधं झालं. चिमणीला घरटं करायला जागा का उरली नाही, पिल्लांना दाणे नाही तर अळ्या लागतात, आणि औषध फवारलं की अळ्या मरतात, असं तिनं पोरांना समजेल असं सांगितलं. मग पोरांना लाकडी घरटी वाटली. भामाबाईचा जीव भांड्यात पडला. धर्मराजानं शाल उचलली, तेवढ्यात रामप्रसाद सर म्हणाले, "कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा."

सातवीतली राजनंदिनी उठली. धर्मराजाच्या भावाची मुलगी, अभ्यासात हुशार. तिनं विचारलं, "ताई, अमेरिकेत चिमण्या आहेत का? तिकडंपण त्या कमी झाल्यात का? तुम्ही त्यांना कशा वाचवता?"

रूपालीनं माइक हातात घेतला, आणि बोलायच्या आधी वळून आईकडं बघितलं.

भामाबाईला त्या नजरेतला प्रश्न ओळखीचा होता. रूपाली अकरावीला पुण्यात गेली, तेव्हा खोलीतल्या मुलींनी तिला आडनावावरून विचारलं होतं, तुम्ही कोण. रूपालीनं सरळ सांगितलं होतं, आणि त्यातल्या एकीनं दुसऱ्या दिवशी पलंग बदलून घेतला होता. फोनवर रडत रूपाली म्हणाली होती, काहीतरी दुसरं सांगितलं असतं तर बरं झालं असतं का. तेव्हा भामाबाई म्हणाली होती, "न्हाई. आपण आपलं खरं सांगायचं. पुढचं त्यांचं त्यांनी बघावं." हे बोललेलं ती आता मागं घेणार होती का? मग तिनं मान हलवली. हो म्हणून.

रूपालीनं सांगितलं. सगळं सांगितलं. जहाजातून नेलेल्या चिमण्या, निळी पाखरं, पेटीत मरून पडलेली मादी, आणि सुई. काहीही गोड करून सांगितलं नाही. "माझ्या कामाचा एक भाग हा आहे की मी चिमण्यांची पिल्लं निघू देत नाही," असं ती म्हणाली तेव्हा पुढच्या पोरांनी मांडीवरच्या लाकडी घरट्यांकडं बघितलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आमच्या पोरांनी घरटी टांगायची, आन् ताईनं तिकडं अंडी फोडायची."

बायकांमधून छबुबाई उभी राहिली. "रूपाली, तू विहारात बसून शील म्हणलीस ल्हानपणी. पाप वाटत न्हाई का गं?"

"वाटतं काकू," रूपाली म्हणाली. "मला ते करताना बरं वाटत नाही. करून झाल्यावर पण वाटत नाही. ज्या दिवशी बरं वाटायला लागेल त्या दिवशी मी ते काम सोडेन. पण पेटी उघडी ठेवून मी नुसती बघत बसले तर निळी पाखरं मरतात, आणि ती पेटी मीच लावलेली असते. चिमणीचा दोष नाही. तिला कुणी विचारून नेलं नाही. नेलं माणसांनी, आणि निस्तरायला पण माणूसच लागतो."

"मग तिकडच्या चिमण्या इकडं आणून सोडा की," एक पोरगा म्हणाला, आणि थोडं हसू पसरलं.

म्हाळू म्हातारा पुढच्या खुर्चीवर काठी टेकून बसला होता. तो बसल्या जागेवरून बोलला. "आमी काय कमी हाणल्यात का? हुरड्याच्या टायमाला रानातल्या माळ्यावर, मचाणावर उभं राहून दिवसभर गोफण फिरवायचो. चिमण्यांचे थवे यायचे ज्वारीवर. एकेक धोंड्यात दोन-दोन पडायच्या. तवा कुणी चिमणी दिन करत न्हवतं. आता न्हाईत तर आठवण यायली."

"ते पिकासाठी होतं, आबा," मागून कुणी म्हणालं.

"आन् हिचं कशासाठी हाय? हौसंसाठी हाय का?" म्हाळू म्हणाला. पण मग स्वतःच मान हलवून म्हणाला, "तरी मेलेल्या अंड्यावर बसवायचं म्हणजे लई वाईट. गोफण बरी."

ते ऐकून रूपालीनं मान डोलावली. "तुमचं खोटं नाही," ती म्हणाली.

राजनंदिनी अजून उभीच होती. ती हळूच म्हणाली, "ताई, पण मग निळी पाखरं वाचली का?"

"गेल्या उन्हाळ्यात माझ्या पेट्यांतून शंभराच्या वर पिल्लं उडाली. मी तिथं गेले त्या वर्षी वीसपण उडाली नव्हती."

राजनंदिनी खाली बसली. टाळ्या वाजल्या नाहीत. लोक एकमेकांकडं न बघता आपापल्या जागी विचार करत असावेत असं दिसत होतं.

धर्मराजाच्या हातात शाल तशीच होती. तो वाईट माणूस नव्हता. पण फ्लेक्सवर त्याचं नाव होतं, गावात चर्चा होणार होती, आणि चिमणी दिनाला चिमण्यांची अंडी फोडणाऱ्या बाईचा सत्कार सरपंचानं केला असं उद्या कुणी म्हणालं तर काय करायचं, हे त्याला सुचत नव्हतं. त्यानं शालीची न मोडलेली घडी पुन्हा नीट केली, आणि भामाबाईकडं वळून म्हणाला, "काकू, आईच्या हातून झालेलं बरं. तुमीच घाला."

रामप्रसाद सरांच्या कपाळावर आठी आली. कारभारी खुर्चीतून उठायला लागला. भामाबाईला कळलं, की धर्मराज हात काढून घेतोय. वीस वर्षांपूर्वी तिला ते लागलं असतं आणि ती घरी जाऊन रडली असती. आता ती उठली. शाल तिनं दोन्ही हातांनी घेतली. पदर सावरला. आणि सगळ्यांसमोर लेकीच्या अंगावर शाल घालताना तिला एकदम वाटलं, की हे माझ्याच हातून व्हायला पाहिजे होतं, दुसऱ्या कुणाच्या नाही. शाल कुणी दिली याला आता काही अर्थ नव्हता. एवढ्या माणसांत उभी राहून जिनं स्वतःच्या अंगावर वाईटपणा येईल असं खरं सांगितलं, ती पोरगी तिनं वाढवली होती.

माइक रूपालीच्या हातातच होता. भामाबाईनं तो मागितला नाही. पण ती बोलली ते माइकमधून सगळ्यांना ऐकू आलं. "मला तुझं काम आवडलं न्हाई. पण तू खोटं बोलली न्हाईस, ते लई आवडलं."

पहिली टाळी म्हाळूनं काठी खुर्चीला बडवून वाजवली. मग पोरांनी, मग मागच्यांनी. छबुबाईनं वाजवली नाही. ती हात पदरात घेऊन उभी होती, पण निघूनही गेली नाही. धर्मराजानं शेवटी नारळ मात्र स्वतः दिला.

पुढचे काही दिवस घरी माणसं येत राहिली. कुणी अमेरिकेचं विचारायला, कुणी वाद घालायला. रामप्रसाद सर मोटारसायकलवर आले, चहा घेतला, आणि म्हणाले, की आपल्या तळ्यात बाहेरून आणून सोडलेल्या माशांवर पोरांकडून माहिती गोळा करायचं त्यांच्या डोक्यात आहे. राजनंदिनी दोन मैत्रिणींना घेऊन आली आणि निळ्या पाखरांचे सगळे फोटो बघून गेली. मरून पडलेल्या मादीचा फोटोही तिनं मागून बघितला. एक गडी आला, तो दारातच म्हणाला, "माझ्या पोरानं घरटं टांगलं न्हाई, तो म्हणतो आधी ताईला विचारून या, टांगू का नको." रूपालीनं त्याच्या घरी जाऊन स्वतः टांगून दिलं.

त्यातल्याच एका संध्याकाळी भामाबाई विहारात गेली. छबुबाई नेहमीप्रमाणं तिच्याशेजारी बसली. वंदना सुरू झाली. पहिलं शील आलं तेव्हा भामाबाईनं ते न अडखळता म्हटलं, सगळे शब्द नीट म्हटले. ती काय म्हणतेय ते तिला पूर्वीपेक्षा जास्त कळत होतं, आणि ते सोपं नाही हेही. बाहेर आल्यावर छबुबाई म्हणाली, "माझं मन मानत न्हाई बघ."

"माझं कुठं मानतंय," भामाबाई म्हणाली. "पण ती माझ्यापासून लपवून वागली असती तर मी काय केलं असतं?"

छबुबाई चार पावलं तिच्याबरोबर चालली. "शाल घालताना तू इकडं-तिकडं बघितलं न्हाईस," ती म्हणाली. "मी बघत होते."

रूपालीला तिकडचा हंगाम सुरू व्हायच्या आत परतायचं होतं. निघायच्या दिवशी सौरभनं बॅगा रिक्षात टाकल्या आणि सगळे कड्याच्या स्टँडवर आले. पुण्याची गाडी उशिरा होती. कारभारी लेकीसाठी केळी आणायला गेला, सौरभ आणि रूपाली बॅगांपाशी उभे राहिले. भामाबाई बाकावर बसली. शेजारी आष्टीकडची एक बाई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं रूपालीच्या बॅगांकडं बघून विचारलं, "लांब निघालीय वाटतं पोरगी?"

"अमेरिकेला."

"अगं माय. काय करती तिकडं?"

भामाबाईनं पदर खांद्यावर घेतला आणि नीट सांगायला बसली. निळी पाखरं सांगितली, पेट्या सांगितल्या, जहाजातून नेलेल्या चिमण्या सांगितल्या. त्या बाईनं मध्येच विचारलं, "मग त्या चिमण्यांचं काय करती?" भामाबाईनं तेही सांगितलं, सुईसकट. बाईचा चेहरा बदलला. तिनं नातवाला जवळ ओढलं आणि रूपालीकडं पुन्हा एकदा नीट बघितलं.

"लई वाईट वाटतं ऐकून," ती म्हणाली.

"मलाबी वाटतं," भामाबाई म्हणाली. "तिलाबी वाटतं. तरी करती, आन् विचारलं तर सांगती. माझी लेक हाय ती."

गाडी लागल्याचं सौरभनं ओरडून सांगितलं. भामाबाई उठली आणि गर्दीतून वाट काढत लेकीकडं गेली.